खिंड चढायची म्हणजे चढायची

गिऱ्हाइकाने सायकल ठेवावी, तक्रार सांगावी आणि संध्याकाळी न्यायला यावं, असा माझा सरळ नियम आहे. डोक्यावर उभं राहून "हे का सोडलंत, ते कशाला घासताय" असं विचारणाऱ्याला मी एक तर चहा आणायला पाठवतो, नाही तर घरी. उरण नाक्यावर बावीस वर्षं सायकलींचं दुकान चालवतोय आणि गुरुदत्तची जीभ तिखट आहे हे पनवेलमध्ये कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. विनिताबाईंवर मात्र माझा हा नियम कधीच चालला नाही. पहिल्याच दिवशी त्यांना म्हणालो, "बाई, तुम्ही घरी जा, संध्याकाळी या." त्यांनी कोपऱ्यातला एक जुना टायर ओढला, त्यावर फतकल मारली आणि म्हणाल्या, "मी इथंच हाय. तुमी करा."

विनिताबाई आमच्या कोळीवाड्यातल्या. पन्नाशीला दोन वर्षं कमी, काटक बांधा, नऊवारी घट्ट कासोटा मारून नेसलेली. वीस वर्षं त्या आपट्याला मासे विकतात. त्यांच्या आधी त्यांची सासू विकत असे. आपट्याच्या एसटी थांब्याजवळ चिंचेखाली एक चपटा दगड आहे, त्यावर आधी सासू बसली, मग सून. तिथल्या घराघरांत कुणाला पापलेट परवडतं, कुणाला नुसता मांदेली-बोंबीलच लागतो, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, हे विनिताबाईंना तोंडपाठ.

अडचण होती ती जायची. पनवेलपासून आपटा वीस किलोमीटर. टेम्पोवाले मासळीची पाटी बघितली की गाडी पुढे काढत, वास येतो म्हणे. त्यातल्याच एकाची बायको विनिताबाईंकडून सढळ हाताने कोलंबी घेत असे, ते वेगळं. स्कूटर घ्यावी तर लायसन्स हवं, आणि लायसन्सच्या परीक्षेत कॉम्प्युटरने बाईंना तीनदा नापास केलं. शिक्षण तिसरी. प्रश्न वाचून होईपर्यंत पडद्यावर दुसरा प्रश्न. तिसऱ्यांदा बाहेर आल्या त्या थेट माझ्या दुकानात. "पंचवीस सीसीच्या आतला इंजिन सायकलला बसवला तं लायसन लागत नाय, खरा ना?"

मीही तसं ऐकलं होतं. विचुंब्याच्या एका सोसायटीने गवत कापायचं मशीन भंगारात काढलं होतं, त्याचं टू-स्ट्रोक इंजिन माझ्याकडे पडून होतं. मुठीएवढं इंजिन, दोरी ओढली की चालू. ते मी एका मजबूत सायकलवर चढवलं, मागच्या चाकाला जास्तीची चेन दिली, कॅरिअरवर बर्फाचा डबा बांधला. सपाट रस्त्याला गाडी झकास पळायची. विनिताबाई पळस्प्यापर्यंत कंटेनरच्या रांगेच्या कडेकडेने अशा जायच्या, की बघणाऱ्यानेच डोळे मिटावेत.

पण वाटेत कर्नाळ्याची खिंड आहे. गाडीतून जाणाऱ्याला ती चढण कळतही नाही. मागे तीस किलो मासे, वर बर्फ आणि पुढे मुठीएवढं इंजिन असलं म्हणजे कळते. निम्म्या चढावर इंजिनाचा जीव जायचा. बाई उतरायच्या आणि सायकल ढकलत माथ्यापर्यंत न्यायच्या. त्यात चाळीस मिनिटं जायची. साडेआठला आपटा. दोन वर्षं असंच चाललं आणि कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते ह्या माघात. आपट्याच्या पंचायतीने मासळी बाजाराला शेड बांधली. आत सिमेंटचे आठ ओटे, वर पत्रा, नळाचं पाणी. चिंचेखालची बैठक बंद होणार आणि मासे विकायचे तर ओट्यावरच. ओटे आठ, मागणारे चौदा. मग असं ठरलं, की जो महिनाभर रोज सकाळी आठच्या आत माल घेऊन हजर असेल त्यालाच ओटा. तीन खाडे माफ, चौथ्याला नाव कमी. वार कुठला हेही बघणार नाहीत.

"साडेआठवाल्यांनी काय करायचं?" मी विचारलं.

"साडेआठवाल्यांनी साडेसातला जायाचा," विनिताबाई म्हणाल्या. "गुरूदादा, ही खिंड चढायला पायजे. मना उतरायला लागता नये."

"दुसरा रस्ता नाही?"

"नाय."

"दुसरं गाव?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गुपचूप पाना उचलला.

आता माझी हुशारी ऐका. मोटरसायकलवाली पोरं सायलेन्सर काढतात, आवाज वाढतो, गाडी वाऱ्यावर स्वार झाल्यासारखी वाटते. मी म्हटलं, धूर मोकळा सुटला की इंजिन मोकळं होणार. सायलेन्सर काढला आणि नुसती नळी ठेवली. दुसऱ्या दिवशी विनिताबाई कोळीवाड्यातून निघाल्या तर पार मिरची गल्लीपर्यंत माणसं दचकून उठली. कर्नाळ्याच्या जंगलातली माकडं म्हणे रस्ता सोडून पळाली. आणि खिंडीत इंजिन आधी जिथे मरायचं त्याच्या शंभर पावलं अलीकडेच मेलं.

संध्याकाळी बाईंनी सायकल दुकानासमोर लावली आणि काही बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा मी शालोमकाकांना बोलावलं. शालोमकाका म्हणजे आमच्या गल्लीतले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, बहात्तर वर्षांचे. तळोज्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेली. मुलगा अवीव इस्राएलला, तो दर वर्षी तिकडे बोलावतो आणि काका दर वर्षी म्हणतात, "तिथे मला पाना कोण देणार?" विनिताबाई त्यांना चांगल्या ओळखतात. काका खवल्यांचाच मासा खातात, कोलंबी-चिंबोरीला शिवत नाहीत. म्हणून बोय चांगली मिळाली की बाई त्यांच्यासाठी दोन बाजूला काढतात.

काकांनी ती मोकळी नळी बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"शाबास. अरे, टू-स्ट्रोकला झडपा नसतात. धूर बाहेर जाताना ताजं पेट्रोलही त्याच्याबरोबर निसटतं. सायलेन्सरचा डबा त्याला थोपवून परत आत ढकलतो. तू दारच काढून ठेवलंस. घरात आलेला पाहुणा न जेवता बाहेर."

मग ते विनिताबाईंकडे वळले. "विनिता, एक सांगतो. ह्या एवढ्याशा इंजिनात जास्तीची ताकद कुणी बाहेरून भरू शकत नाही. आहे ती वाटेत सांडते. ती कुठे कुठे सांडते ते शोधू. चालेल?"

"खिंड चढंल?"

"बघू."

"बघू नाय काका. चढंल का नाय?"

काका हसले. "चढेल."

दोन दिवस काका त्या सायकलला चिकटून होते आणि मी हाताखालचा माणूस झालो होतो. मागचा ब्रेक रिमला घासत होता, आणि गाडी मी बांधलेली असून ते मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. टायरमध्ये हवा कमी. चेन ताणलेली. हवेच्या जाळीवर रस्त्याची धूळ आणि बर्फाचं खारट पाणी मिळून पापुद्रा धरलेला, त्यातून इंजिन श्वास घेणार तरी कसं? कार्बोरेटरखालची पॅकिंग फाटलेली. काकांनी सायलेन्सर परत बसवायला घेतला तर त्याचं भोक काजळीने निम्मं बुजलेलं. इंजिनातून धूर बाहेर पडायची खिडकीही तशीच. ती सगळी काजळी त्यांनी खरवडली. शेवटी मागचं चेनचं चक्र बदललं, छत्तीस दात्यांच्या जागी चव्वेचाळीस.

"सपाटीला वेग कमी होईल," काका म्हणाले. "चढाला जीव येईल. तुला काय पाहिजे?"

"चढ," विनिताबाई म्हणाल्या.

शेवटी काकांनी तेलाचं माप दिलं. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण घ्यायचं आणि एक लिटरला चार टोपणं तेल. कमी नाही, जास्त नाही.

हजेरीच्या पहिल्या दिवशी विनिताबाई सात पस्तीसला आपट्यात हजर होत्या. संध्याकाळी माझ्या टेबलावर दोन बांगडे ठेवून म्हणाल्या, "एकदाबी उतरले नाय." मी त्यांना इतकं हसताना पहिल्यांदा बघितलं.

इथे त्यांच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. काशिराम. पूर्वी त्याची स्वतःची छोटी होडी होती, मागे रॉकेलवर चालणारं मशीन लावलेली. सहा वर्षांपूर्वी उरणच्या बाहेर समुद्रात ते मशीन जाम झालं आणि काशिराम दोन रात्री लाटांवर एकटा तरंगत राहिला. तिसऱ्या दिवशी करंजा बंदराच्या लोकांनी त्याला ओढत आणला. त्यानंतर तो होडीवर चढला नाही. होडी विकली. आता घराच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी विणतो, शिवतो. बोलतो फार कमी. रोज सकाळी बायकोच्या सायकलची दोरी तोच ओढायचा, आणि ती गेल्यावर चहाचा कप घेऊन दारात उभा राहायचा, आवाज ऐकू येतो तोवर. आख्ख्या कोळीवाड्याला हे माहीत होतं आणि कुणी त्यावरून चेष्टा केली नाही. कोळीवाड्यात चेष्टा कशाची करायची नाही हे सगळ्यांना बरोबर कळतं.

आठव्या दिवशी इंजिन पुन्हा दमायला लागलं. नवव्या दिवशी खिंडीत मेलं. पहिला खाडा.

काकांनी उघडलं. खिडकी काळी, प्लग ओला काळा. खरवडलं, पुसलं, बसवलं. आठवडाभर गाडी पळाली, मग परत तेच. दुसरा खाडा. इतकी काजळी इतक्या लवकर धरायला नको, असं काका स्वतःशी पुटपुटत होते. मला मात्र कारण स्पष्ट दिसत होतं, आणि मला जे दिसतं ते माझ्या तोंडात राहत नाही.

"बाई, तुम्ही तेल जास्त घालताय."

"चार टोपनां घालते."

"मोजून?"

"मोजून."

"मग ही काजळी काय आकाशातून पडते? घाईत पाचवं, सहावं टोपण जात असेल. लक्ष नसतं माणसाचं."

विनिताबाई टायरवरून उठल्या. "गुरूदादा, वीस वरसां झाली मी तराजू धरते. आपट्यात कोनीबी सांगावा, विनितानी माप चुकवला. तुमच्या सायलेन्सरवर मी काय बोलले व्हते?"

आणि निघून गेल्या. त्या काही बोलल्या नव्हत्या हे खरंच होतं. मला स्वतःचा राग आला, आणि राग आला की मी दुसऱ्यांवर खेकसतो, त्यामुळे त्या दिवशी तीन गिऱ्हाइकं विनाकारण बोलणी खाऊन गेली.

शालोमकाका मात्र टूलरूमचा माणूस. ते कुणावर आरोप करत नाहीत, खूण करतात. सोमवारी त्यांनी विनिताबाईंची तेलाची बाटली मागवली, तेल जिथपर्यंत होतं तिथे पेनाने रेघ मारली आणि खाली दुसरी रेघ मारली. "चारच टोपणं घातलीस तर शुक्रवारी तेल ह्या दुसऱ्या रेघेवर असायला हवं. काही बोलू नकोस कुणाला. फक्त बघ."

बुधवारी खिंडीत इंजिन बंद पडलं. तिसरा खाडा. आता एकही शिल्लक नव्हता, आणि हजेरीचा शेवटचा दिवस होता शनिवार.

माझ्यावरच्या रागाने इंजिन साफ करून न घेताच बाई गुरुवारी पहाटे लवकर निघाल्या आणि ढकलत वेळेत पोचल्या. शुक्रवारी माल यायलाच उशीर झाला. पंचायतीचा शिपाई वही मिटत असताना विनिताबाई शेडमध्ये शिरल्या. आठला दोन मिनिटं कमी. एका पायात चप्पल नव्हती आणि नडगीला पेडल लागून रक्त येत होतं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, आपट्याहून आलेल्या एका माणसाने सांगितलं.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला त्या दुकानात आल्या. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हाताने काशिरामचं मनगट धरलेलं. शालोमकाका आधीच येऊन बसले होते. बाईंनी बाटली टेबलावर ठेवली. तेल खालच्या रेघेच्याही खूप खाली गेलं होतं, जवळजवळ तळाला.

"इचारा याला," त्या म्हणाल्या. "मी इचारला तं जेवला नाय नुसता."

काशिराम जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "मीच घालतो. ती डबा भराया आत जाते तवा. दोन-तीन झाकनां."

"का?" मी ओरडलोच.

"होडीवर आमी असाच घालतो. माप चार तं सहा घालायचा. तेल जास्त झाला तं धूर होतो, मानूस मरत नाय." त्याचा आवाज बारीक झाला. "त्या दिवशी मी घाई केली व्हती. तेल कमी घातला. मशीन तापून चिकटला. दोन रात्री, काका. मना सगला कलत व्हता का चूक माझी हाय. आता ही खिंडीत जाते. मशीन जाम झाला न मागशी कंटेनर आला तं?"

मी विनिताबाईंकडे बघितलं. त्या रागाने आल्या होत्या, पण आता त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाने सहा वर्षं दडवलेली ही गोष्ट त्यांनाही आजच सांगितली होती. त्यांचे डोळे भरून आले. मी उगाच हवेचा पंप तपासायला घेतला.

शालोमकाकांनी इंजिन उघडलं आणि काशिरामच्या हातात तो छोटासा पिस्टन ठेवला. काळा, वर काजळीचा थर.

"काशिराम, हे बघ. तेल फार झालं की ते पुरतं जळत नाही, त्याची काजळी होते. काजळीने धुराची वाट बुजते. इंजिन गुदमरतं आणि उलट जास्त तापतं. शिवाय जेवढं तेल वाढलं तेवढं त्या थेंबात पेट्रोल कमी. मग चढावर ओढणार काय?" ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला कंटेनरची भीती वाटते ना? ती सायकलवर असते तेव्हा कंटेनरच्या पुढे चार मिनिटांत निघून जाते. उतरून ढकलते तेव्हा चाळीस मिनिटं त्यांच्या चाकांशेजारी चालते. तिला तिथे उभं कोण करतं?"

काशिरामने पिस्टन टेबलावर ठेवला. त्याचा हात काळा झाला होता. तो ते काळं बोटांनी चोळत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "मी."

"बस झाला," विनिताबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "काका, उद्याचा दिस हाय. काय करायचा ते सांगा."

काकांनी घड्याळात बघितलं. चार वाजले होते. शुक्रवार. सूर्य मावळला की काकांचा शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी सूर्य मावळेपर्यंत ते पान्याला हात लावत नाहीत. पस्तीस वर्षांत कारखान्याने त्यासाठी किती वेळा त्यांचं डोकं खाल्लं, पण काका हलले नाहीत. "सहाला मी घरी," ते म्हणाले. "तोवर काम व्हायला हवं."

"मी करतो ना," मी म्हटलं.

"तू नाही. ती करेल."

"काका, वेळ आहे का शिकवायला?"

"उद्या खिंडीत तू असणार आहेस? मी असणार आहे?" काकांनी स्टूल विनिताबाईंच्या पुढे सरकवलं. "बस. लोखंडाने खरवडायचं नाही, आत चरे पडतील. बांबू हवा."

काशिराम बाहेर पडला आणि दहा मिनिटांत धापा टाकत परत आला. बोंबील वाळवायच्या मांडवाच्या बांबूची कामटी घेऊन, टोक नीट तासलेली. विनिताबाईंनी ती हातात घेतली, एकदा बोटाने धार बघितली आणि धुराच्या खिडकीतली काजळी काढायला लागल्या.

मी बावीस वर्षं हात काळे करतोय. मला वाटलं होतं, बाईंना तासभर समजावून सांगावं लागेल. पण खरवडणं हा त्यांचाच धंदा. खवलं काढताना कातडी फाटू द्यायची नाही, ह्याची सवय त्यांच्या बोटांना होती. काजळीचे पापुद्रे सुटत गेले आणि खाली धातू चकाकायला लागला. काका नुसते बघत होते. मध्येच एकदा "कोपरा राहिला" म्हणाले, तेवढंच. मी बावीस वर्षांत इतकी साफ खिडकी काढली नव्हती, हे मी त्या दिवशी बोललो नाही. आता लिहितोय.

सहाला दहा मिनिटं असताना काका उठले. चार बोल्ट राहिले होते. "समोरासमोरचे आवळ," ते म्हणाले, "शेजारचे नाही. थोडा हा, थोडा तो." मग त्यांनी ते दहा मिलीचं टोपण उचललं. मला वाटलं बाईंना देतील. त्यांनी ते काशिरामच्या तळहातावर ठेवलं. "माप तुझ्याकडे. चार. तूच घालायचं, तिच्या समोर."

काशिरामने मूठ मिटली. विनिताबाई बोल्ट आवळता आवळता, मान वर न करता म्हणाल्या, "आन मी खिंडीच्या माथ्यावरशी मिस कॉल देईन. उचलायचा नाय. वाजला म्हंजे चढले."

शनिवारी मी साडेसहाला दुकान उघडलं. माझ्या घरच्यांना वाटलं, मला बरं नाही. सात वाजता काशिराम आला. हातात फोन, पडदा वर करून तळहातावर धरलेला, देवाचा प्रसाद धरावा तसा. म्हणाला, पावणेसातला गेली, चार टोपनां घातली. मी त्याला चहा दिला, तो त्याने प्यायला नाही.

सव्वासातला शालोमकाका आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, सिनेगॉगला निघालेले. ते रस्त्यावरच उभे राहिले.

"काका, आत या."

"आज काम करायचं नाही मला."

"आम्ही कुठे काम करतोय?"

"मग उभं राहायला हरकत नाही," असं म्हणून ते पायरीवर उभे राहिले.

हिशोबाने सात वीसला फोन वाजायला हवा होता. सात वीस झाले. सात पंचवीस झाले. मी एका पंक्चरला तिसऱ्यांदा पाण्यात बुडवलं. साडेसातला काशिरामच्या कपाळावर घाम होता. "मी पाचवा टोपन घालायला पायजे व्हता," तो म्हणाला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शब्बाथला तेवढं चालत असावं.

सात चौतीसला फोन वाजला.

उचलायचा नाही असं ठरलं होतं. काशिरामने पहिल्या घंटेला उचलला. फोनमधून विनिताबाईंचा आवाज आम्हाला तिघांनाही स्वच्छ ऐकू आला, कारण त्यांचा आवाज समुद्रावरून किनाऱ्याला बोलायच्या मापाचा आहे.

"उचलू नको सांगितला व्हता ना!"

"तू... चढलीस?"

"मंग काय इथशी हवा खाते? चढले! खिंडीत कंटेनर बंद पडलाय एक, सगला रस्ता अडवून. मी त्याच्या बाजूनी चढून आले. तो ड्रायवर बघत रायला. ठेव आता, मना उशीर व्हतंय!"

मागून इंजिनाचा आवाज येत होता. हलका, सलग, न अडखळणारा. फोन बंद झाला. काका सिनेगॉगकडे चालू लागले, पण चार पावलांवर थांबून त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. काशिराम माझ्या पायरीवर बसला आणि गार झालेला चहा एका घोटात प्याला. मी वळून त्या पंक्चरची ट्यूब चौथ्यांदा पाण्यात घातली. पंक्चर नव्हतंच तिला.

विनिताबाई सात बावन्नला आपट्यात पोचल्या. ओटा मिळाला, पाचव्या नंबरचा, नळाजवळचा. संध्याकाळी बोय घेऊन शालोमकाकांकडे गेल्या, पण शब्बाथ सुटेपर्यंत बाहेरच थांबल्या. मग माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आभार वगैरे मानतील, माझ्या त्या बोलण्याबद्दल मला माफ केलं असं काहीतरी म्हणतील. तेवढ्यात मीच आधी बोललो, "बाई, त्या दिवशी मी चुकलो."

"ठाव हाय मना," त्या म्हणाल्या आणि टायर ओढून बसल्या. "आता चढ झाला. येताना उतार हाय. ब्रेक बघा."

परवा सकाळी मी कोळीवाड्यात गेलो होतो, काशिरामकडे. तो ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. विनिताबाई नुकत्याच निघाल्या होत्या. मी विचारलं, आता बरं वाटतं ना?

तो म्हणाला, "आधी खोकत जायची गाडी. चहा पिऊन होस्तंवर आवाज यायचा. आता कप हातात घेतो तं गेलेली असते."

मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. अर्धा-पाऊण तास गेला असेल. ओट्यावर ठेवलेला फोन वाजायला लागला. काशिरामने सुई थांबवली आणि फोनकडे बघितलं. एक घंटा, दोन, तीन. त्याने हात पुढे केला नाही. फोन वाजून बंद झाला, आणि तो पुढची गाठ मारायला लागला.